पहिल्या रात्रीचा कागद

दिसायला तो अगदी साधा. ए-फोरची दोन-तीन पानं, डाव्या कोपऱ्यात पिन, मधोमध घडी. पासपोर्ट, व्हिसा, विम्याची पॉलिसी, पालकांचं संमतिपत्र अशा भारदस्त मंडळींबरोबर तो एकाच फायलीत राहतो, पण विमानतळावर त्याला कुणी विचारत नाही. त्या सगळ्यांचं काम देशाच्या दारापर्यंत. याचं काम घराच्या दारापासून पुढे. सोळा-सतरा वर्षांचं मूल समुद्र ओलांडून अनोळखी माणसांच्या हॉलमध्ये येऊन बसतं. पाणी पिऊन होतं, प्रवास कसा झाला ते विचारून होतं, हसून हसून सगळ्यांचे गाल दुखायला लागतात आणि पुढे काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही. तेव्हा हा फायलीतून बाहेर येतो.

'फर्स्ट नाइट क्वेश्चन्स' हे त्याचं पाळण्यातलं नाव. रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये शाळकरी मुलं वर्षभर परदेशी राहायला जातात, त्यांच्या सामानात हा असतो. जगातल्या बऱ्याच भाषा त्याला येतात. त्याला उत्तरं येत नाहीत, त्याच्याजवळ फक्त प्रश्न आहेत, आणि ते एकापुढे एक मांडायची त्याची पद्धत पाहिली की हा कुणीतरी खूप घरं हिंडलेला, खूप मुलांना रात्री उशीत तोंड खुपसून रडताना पाहिलेला माणूस असावा असं वाटतं.

मी तुम्हाला काय म्हणू, इथून तो सुरुवात करतो. तेवढीच काय ती त्याची औपचारिकता. मग तो लगेच कामाला लागतो. मळके कपडे कुठे टाकू? आतले कपडे माझे मी धुवायचे का? अंघोळीची वेळ कुठली, म्हणजे कुणाची खोटी होणार नाही? दात घासायचा ब्रश, साबण कुठे ठेवू? भूक लागली तर फ्रीज उघडून घेऊ का, की आधी विचारू? सकाळी किती वाजता उठायचं, सुट्टीच्या दिवशी किती वाजता? घरातली कुठली जागा फक्त तुमची, जिथे मी जायचं नाही? माझ्या रिकाम्या बॅगा कुठे ठेवू? भिंतीवर फोटो लावले तर चालेल का? बाहेर जेवायला गेलो तर माझे पैसे मी द्यायचे का? यायला उशीर होणार असेल तर फोन करू ना? तुमच्या सगळ्यांचे वाढदिवस केव्हा असतात?

भीड त्याच्या स्वभावातच नाही, आणि तीच त्याची माया आहे. जे विचारायला मुलाची जीभ रेटत नाही ते सगळं तो स्वतःच्या अंगावर घेतो. पोरीला वाटतं, मी कुठे विचारतेय, कागदावरच आहे. घरच्यांनाही वाटतं, ही कुठे भोचकपणा करतेय, कागद विचारतोय. दोन्हीकडची लाज तो एकटा वाहतो.

त्याच्या मागचा इतिहास मोठा आहे. परदेशी मुलांना वसतिगृहात किंवा शिबिरात न ठेवता कुणाच्या तरी घरी ठेवायचं, ही कल्पना साधारण शंभरेक वर्षांतली. अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी १९३२ साली 'एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' सुरू केलं. ताटाला ताट लावून जेवल्याशिवाय दुसऱ्या देशाचा माणूस कळत नाही, यावर त्यांचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची संघटना 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस'. दोन युद्धं जवळून पाहिलेल्या त्या रुग्णवाहिकेच्या चालकांनी दुसरं युद्ध संपताच ठरवलं की आता शाळकरी मुलांची ने-आण करायची. तीच आजची एएफएस. रोटरीतली अदलाबदल त्याही आधीची, १९२७ साली फ्रान्समधल्या नीसच्या क्लबाने सुरू केलेली. खुद्द रोटरी १९०५ मध्ये शिकागोत जन्मली, आणि सुरुवातीला सभा आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरायची म्हणून तिला ते फिरतं नाव मिळालं. आज तिच्याकडून जाणारी मुलंही तशीच फिरतात. वर्षभरात बहुधा दोन-तीन घरं बदलावी लागतात. यजमान घराला त्याचे पैसे मिळत नाहीत.

घरं बदलण्याची ही रीत आपल्याला तशी नवी नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं पूर्वी वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मुलांच्या हातात असा कागद नव्हता. आमटी आणखी वाढा म्हणायचं की नाही, ताट आपलं आपण घासायचं की नाही, सणाच्या दिवशी आपला वार असला तर जायचं की नाही, हे सगळं त्यांनी वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून ओळखलं. काहींना माया मिळाली, काहींचे पुष्कळ अपमान झाले. नव्या सुनेचंही तेच. दुधाचं पातेलं कुठलं, पहिली अंघोळ कुणाची, सासऱ्यांचा चहा किती गोड, हे तिने चुकून चुकून शिकायचं आणि प्रत्येक चुकीला तिच्या माहेरचं नाव निघायचं. घराचे नियम हवेत तरंगत असतात. नवीन माणसाचं डोकं आपटेपर्यंत ते कुणाला दिसत नाहीत. त्या हवेतल्या नियमांना हा कागद खाली बसवतो आणि बोलतं करतो. म्हणून मला त्याच्याबद्दल एवढा आदर आहे.

आमच्याकडे तो ब्राझीलच्या एका मुलीबरोबर आला. मुलगी मिनास जेराइस प्रांतातली. आमचं घर सांगलीला, विश्रामबागेत. आमची मुलगी त्याच वर्षी जर्मनीला गेली होती आणि ज्यांचं मूल जातं त्यांच्याकडे बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी येतं. ती आमच्याकडे थेट आली नाही. पहिलं घर तिचं मिरजेला होतं, जिथे सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून ती शाळेत जायची. तिकडचे महिने संपवून ती आमच्याकडे आली तेव्हा तिला भारत अगदीच नवा नव्हता. हाताने जेवता येत होतं. 'बास' आणि 'थोडंच' हे शब्द पक्के झाले होते. चप्पल कुठे काढायची ते न सांगता कळत होतं. मला वाटलं, आता काय विचारायचं राहिलंय?

पण रात्री जेवणं झाल्यावर तिने फाइल उघडली आणि कोरा कागद काढला. मिरजेच्या घराचा भरलेला कागद त्याच फायलीत होता, तो तिने वर काढला नाही. हे त्याचं शिस्तीचं वागणं मला फार आवडतं. प्रत्येक घरी तो कोरा होऊन येतो. मुलाला सगळ्यात मोठा धोका दुसऱ्या घरात असतो, कारण पहिलं घर म्हणजेच देश असं त्याने मनात धरलेलं असतं. मिरजेला रात्री साडेनऊला जेवतात म्हणजे मराठी माणसं साडेनऊला जेवतात. मिरजेला स्वयंपाकघरात कुणीही जातं म्हणजे सगळीकडे जायचं. आणि मग दुसऱ्या घरात पाऊल टाकलं की तुलना सुरू होते, ती तोंडावर दिसते, आणि दोन्ही घरं दुखावतात. हा कागद पहिल्या घराची उत्तरं दुसऱ्या घरात उघडत नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. आमचे हे, दहावीतला मुलगा, सासूबाई आणि मी. तिने पेन्सिल घेतली. पहिल्याच दोन-तीन प्रश्नांत कागदाची गाठ त्याच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी पडली. ते म्हणजे आपलं आदरातिथ्य. प्रत्येक प्रश्नाला यांचं एकच उत्तर: "अगं, हे तुझंच घर आहे. तुला पाहिजे तसं कर." मनापासून म्हणत होते. ती मान डोलवायची, हसायची, आणि पेन्सिल तशीच कागदावर टेकवून थांबायची, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आपलंच घर समज, हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याच्या आधाराने माणसाला रात्री अकराला भूक लागल्यावर काय करायचं ते कळत नाही. कागद हटला नाही. तोच प्रश्न पुन्हा. फ्रीज उघडू का?

आणि मग फ्रीजची खरी हकिगत बाहेर आली. सासूबाई म्हणाल्या, खालच्या कप्प्यातल्या छोट्या वाटीला हात लावायचा नाही, ते विरजण. मी सांगितलं, झाकलेलं आणि वर तुळशीचं पान ठेवलेलं काही दिसलं तर ते नैवेद्याचं, आधी देवाला. मुलगा म्हणाला, दारातलं चॉकलेट माझं असतं. सकाळच्या चहापुरतं दूध राहू दे. बाकी फळं, लाडवांचा डबा, पोळ्यांचा डबा, काहीही, कधीही. पंधरा-वीस वर्षं आम्ही तो फ्रीज वापरतो आहोत आणि त्याचे एवढे कायदे आहेत हे आम्हालाच त्या रात्री कळलं. तिने एकेक लिहून घेतलं. विरजणाच्या वाटीचं तर छोटं चित्र काढलं.

अंघोळीच्या प्रश्नाला जास्त वेळ लागला. ब्राझीलमध्ये दिवसातून दोनदा-तीनदा अंघोळ ही साधी गोष्ट, आणि तिकडच्या बऱ्याच घरांत वरच्या फवाऱ्यातच पाणी तापवायची सोय असते, त्यामुळे वाट पाहावी लागत नाही. आमच्याकडे सकाळी नळ, मग टाकी, मग गीझर, आणि सासूबाईंची पूजा व्हायची म्हणून पहिला नंबर त्यांचा. हे म्हणाले, "कधीही कर गं." पेन्सिल थांबली. शेवटी ठरलं: सकाळी सात ते साडेसात तिची वेळ, संध्याकाळी खेळून आल्यावर एक बादली. तिच्या चेहऱ्यावर जो सैलपणा आला तो मला आजही दिसतो. मूल सवलतीने एवढं सुखावत नाही जेवढं नक्की वेळेने सुखावतं.

संडासाबद्दल कागद फारसं बोलत नाही, पण त्याने बाकीचं एवढं मोकळं करून ठेवलं होतं की तिने स्वतःहून विचारलं. त्यांच्याकडे टॉयलेट पेपर भांड्यात टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात. पाइप तुंबतात म्हणून. मग इथे? मी तिला आत नेऊन दाखवलं. दोन बायकांनी करायचं ते बोलणं होतं आणि ते पहिल्याच रात्री झालं. नाही तर अशा गोष्टींत आठवडे जातात.

मग तो प्रश्न आला: घरातली कुठली जागा फक्त तुमची?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरात अशी जागाच नाही. बेडरूमचं दार दिवसा लोटलेलं दिसलं तर कुणाचं तरी डोकं दुखतंय किंवा कुणीतरी रुसलंय असं आम्ही समजतो. तिच्या खोलीचं दार ती बंद करू शकते का, हे खरं तर तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, कर. सासूबाई म्हणाल्या, कडी नको लावू, आम्हाला काळजी वाटेल. असं ठरलं. आणि मग सासूबाईंनीच सांगितलं, देवघरात अंघोळीशिवाय जायचं नाही.

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्या चार दिवसांचं. आमच्या घरात ते कधी कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही. मी नवी आले तेव्हा जाऊबाईंनी कानात सांगितलं होतं. माझ्या मुलीने ते कधी पाळलं, कधी नाही, आणि सासूबाईंनी कधी पाहिलं, कधी नाही. असं ते वर्षानुवर्षं चाललं होतं. पण कागदासमोर ते बोलायचं किंवा सोडायचं, एवढे दोनच रस्ते होते. पेन्सिल कागदावर टेकलेली होती. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "तिला एवढंच लिहायला सांग. अंघोळ करून यायचं." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या लेकीलाही कळव." मी त्या रात्री जर्मनीला तेवढा एक निरोप पाठवला.

वाढदिवसाचं कलम तो शेवटाकडे काढतो, बोलणं जरा हलकं व्हावं म्हणून असेल. यांची तारीख, माझी, मुलाची. सासूबाईंची विचारली तर यांनी पटकन सांगितलं, १ जून. आपल्याकडे त्या पिढीच्या कितीतरी माणसांचा जन्म शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जूनला लावून दिलेला आहे. सासूबाई म्हणाल्या, ती मास्तरांची तारीख, माझी नव्हे. मी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी हे विचारलं नव्हतं. मुलीने दोन्ही लिहिल्या. नागपंचमी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते हे ऐकून तिने त्या वर्षीची तारीख कॅलेंडरमध्ये शोधून घेतली, आणि त्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात प्रथमच सासूबाईंना ओवाळलं गेलं. ब्राझीलमध्ये घराघरांत करतात त्या कोकोच्या गोळ्या, ब्रिगादेरू म्हणतात त्यांना, तिने आटवलेल्या गोड दुधात वळल्या होत्या. सासूबाईंनी आधी देवाला दाखवल्या.

तिकडे जर्मनीत माझ्या मुलीच्या हातात हाच कागद होता. तिने फोनवर उत्तरं वाचून दाखवली. घरात वेगळ्या चपला, प्लास्टिक एका पिशवीत, कागद दुसऱ्या डब्यात, भाजीची सालं तिसऱ्यात. संध्याकाळी गरम जेवण नाही, पाव आणि चीज. थंडीतही खिडक्या रोज काही मिनिटं सताड उघडायच्या. रविवारी ड्रिल, गवत कापायचं यंत्र असा आवाज करायचा नाही. कुणाच्याही खोलीत टकटक केल्याशिवाय जायचं नाही. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या बाईंना तिने नुसत्या नावाने हाक मारायची. माझ्या पोटात गलबललं खरं. पण माझ्या टेबलाशी बसलेल्या मुलीने मला काय म्हणायचं हे मी ठरवलं होतं, तसंच त्या बाईंनीही ठरवलं होतं. मी 'काकू' म्हणायला सांगितलं. तिची आई तिच्या गावी आहे, माझी लेक परत येणार आहे. काकूला घरात आपली जागा असते आणि ती कुणाची जागा घेत नाही.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चर्चला जाणं, शाळेतलं दुपारचं जेवण यांबद्दल तो विचारतो. त्याचं बालपण कुठल्या घरांत गेलं ते त्यावरून कळतं. आमच्याकडे गणपतीत पाच दिवस दार उघडं असतं आणि कुणीही येऊन जेवून जातं, हे त्याच्या ध्यानीमनी नाही. पाहुण्यांनी तिच्या रंगाबद्दल, केसांबद्दल, वडिलांच्या पगाराबद्दल विचारलं तर काय करायचं, ते त्याच्याजवळ नाही. मामेसासूबाई आल्या की वाकून नमस्कार करायचा, पण चुलतदिरांना लांबूनच, हेही नाही. नियम तो विचारून घेतो, पण डाळीचा वास नको होईल त्या दिवशी काय करायचं? घरची आठवण आली तर स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं तर चालेल का, हे त्यात लिहिलेलं नाही. त्यांच्याकडे भेटताना-निघताना गळ्यात पडतात, गालाला गाल लावतात. आमच्याकडे मुलगा मोठा झाल्यावर मीही त्याला जवळ घेत नाही. पहिले कित्येक दिवस तिचे हात अर्धवट उचलले जायचे आणि खाली यायचे. हे कागदाच्या हातातलं नव्हतं. एका संध्याकाळी तिच्या गावी तिची आजी आजारी असल्याचा फोन आला आणि सासूबाईंनी काही न विचारता तिला कुशीत ओढलं. तेव्हापासून ते सुटलं.

तरी मी म्हणेन, तो रस्ता त्यानेच साफ केला होता. बादली, विरजण, दाराची कडी हे प्रश्न पहिल्या रात्री मिटले नसते तर महिनाभर आम्ही त्यांच्यातच अडखळत राहिलो असतो, एकमेकींशी गोड बोलत, आतून कंटाळत. यजमान घरांतून मुलं परत पाठवली जातात, मुलं घर बदलून मागतात. चौकशी केली तर मोठं कारण क्वचित निघतं. ओला टॉवेल, उशिरापर्यंत चालू राहिलेला दिवा, कुणीतरी न विचारता संपवलेलं दही.

दिवाळीनंतर तिसऱ्या घरी जायची वेळ आली. तिने भरलेला कागद पुन्हा फायलीत ठेवला आणि क्लबच्या लोकांकडून नवा घेतला. पुढच्या घरच्या बाईंचा मला दोन दिवस आधी फोन आला. तिला काय आवडतं, काय नाही, किती वाजता उठते, तिखट चालतं का, स्वभाव कसा आहे, सगळं सांगा ना, म्हणजे आम्ही तयारी करतो, असं म्हणाल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तासभर बोलता आलं असतं. मी शेंगदाण्याची ॲलर्जी तेवढी सांगितली, कारण ती जिवाशी गाठ. बाकी म्हटलं, पहिल्या रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद ठेवा, घरातले सगळे टेबलाशी बसा, आणि ती विचारेल त्याचं खरं खरं उत्तर द्या. आपलंच घर समज असं म्हणू नका, ती थांबून राहते.

त्यांनी विचारलं, "आणि गीझर?"

"ते तीच विचारेल," मी म्हटलं. "तुमच्या सासूबाईंची अंघोळ आधी असेल तर तसं सांगा."